कुंडीवर एवढी एक ओळ हवी

"मॅडम, हे झाड मरतच नाही. आठवड्यातून एकदा पाणी घाला, बाकी काही बघायला नको." गेल्या वर्षी डिफेनबेकियाची कुंडी हातात देताना नर्सरीवाल्याने मला एवढंच सांगितलं. मी शाळेत शिकवते, सकाळी साडेसहाला घर सोडते. मला असंच झाड हवं होतं. घरात मांजर आहे का, हे त्याने विचारलं नाही आणि सांगायचं मला सुचलं नाही.

श्रावणातल्या एका दुपारी घरी आले, तर ठकी सोफ्याखाली बसलेली. हनुवटीखालचे केस लाळेने चिकटलेले, पुढच्या पंजाने सारखी तोंड घासत होती. सुकट पुढे धरली तर नुसता वास घेऊन मागे सरली. मग कुंडीकडे लक्ष गेलं. सगळ्यात खालच्या पानाच्या कडेला बारीक भोकांची ओळ होती, शिवणयंत्राच्या सुईने पाडावी तशी.

डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "पान आणलंय का?" ते मी पिशवीत घालून नेलं होतं. पान बघून त्यांनी समजावलं, ते माझ्या स्वयंपाकघरातलंच निघालं. अळूने घसा खवखवतो ना, तोच प्रकार. डिफेनबेकिया अळूच्याच कुळातला. या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुयांसारखे स्फटिक असतात, पान चावलं की ते जिभेत आणि हिरड्यांत रुततात. आपण अळू शिजवतो, चिंच घालतो. मांजर कच्चंच चावतं. ठकी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवली, तोवर मला घास गेला नाही.

त्यानंतर मी आमच्या सोसायटीतल्या कुंड्या नीट पाहिल्या. 'काही करावं लागत नाही' म्हणून घरोघरी आलेली झाडं बहुतेक याच कुळातली: मनी प्लांट, झेडझेड, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनिमा, मॉन्स्टेरा, पीस लिली. शिवाय स्नेक प्लांट, लकी बांबू, जेड आणि आपली औषधी म्हणून लाडकी कोरफड. यांचं कूळ वेगळं, पण मांजराला यांनीही उलट्या होतात. यातून मांजर सहसा बरं होतं. खरी भीती दोन झाडांची. एक सायकस. नर्सरीत तो पाम म्हणून विकतात, पण तो पाम नाही. त्याने यकृत निकामी होतं आणि त्याच्या बिया सगळ्यात घातक. दुसरी लिली, वाढदिवसाच्या गुच्छात येते ती मोठ्या फुलांची, वासाची. तिचं पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, सगळंच मांजराच्या मूत्रपिंडाला विष. अंगावर सांडलेला पराग चाटला तरी दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. ज्याच्या घरी मांजर आहे त्याला लिलीचा गुच्छ देऊ नका, आणि मांजराने ती चाटली अशी शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा.

"उंचावर ठेवा की," असं मला अनेकांनी सुचवलं. ठकी फ्रिजवरून कपाटावर जाते आणि कपाटावरून पडद्याच्या दांडीवर. मांजराच्या घरात उंच जागा ही मांजराचीच जागा असते.

म्हणून झाडच बदलावं लागतं, आणि चिवट पण निर्धोक झाडं आहेत. स्पायडर प्लांटच्या मुळांना पाणी साठवणारे पांढरे गड्डे असतात. मे महिन्यात आम्ही बारा दिवस गावी होतो, परत आलो तेव्हा पानं फिकट पडली होती, पाणी मिळताच चार दिवसांत उभी राहिली. ठकी त्याची टोकं चावून कंगव्यासारखी करते. फार खाल्लं तर एखादी उलटी होते, बाकी काही नाही. नोलिनाचा बुंधा कांद्यासारखा फुगलेला असतो, पाणी त्यातच. हॉवर्थिया दिसतं छोट्या कोरफडीसारखं, पानांवर पांढरे उभार असतात, पण ते मांजराला चालतं. अरेका पामही चालतो, मात्र त्याला उजेड आणि पाणी नियमाने लागतं, त्यामुळे माझ्यासारखीला तो दुसऱ्या पसंतीचा.

माझी तक्रार एवढीच की हे मला कुंडीवर वाचायला मिळायला हवं होतं. त्याच कुंडीवर 'हवा शुद्ध करणारे झाड' अशी छापील पट्टी होती. तिचा आधार १९८९ सालचा नासाचा प्रयोग, आणि तोही बंदिस्त पेटीत केलेला. उघड्या खिडक्यांच्या घरात दोन कुंड्यांनी हवेत फरक पडत नाही. तो दावा छापता येतो, तर 'मांजर-कुत्र्यांना अपायकारक' हे तीन शब्द का छापता येऊ नयेत? सोबत शास्त्रीय नावही हवं, कारण 'पाम' आणि 'लिली' या नावांखाली काहीही विकलं जातं. अमेरिकेतली १८६६ पासूनची एएसपीसीए ही संस्था विषारी आणि बिनविषारी झाडांची यादी सगळ्यांसाठी खुली ठेवते, पण नावच माहीत नसेल तर शोधायचं काय? सोरतापवाडी-उरुळी कांचनच्या रोपवाटिकांमधून रोपं दूरदूर जातात. तिथे पिशवी भरतानाच ही पट्टी लागली, तर पुढच्या प्रत्येक दुकानात ती आपोआप पोचेल.

आणि मांजराला हिरवं चावायचंच असतं, ते त्याला द्यावं. हे मला घटाने शिकवलं. नवरात्रात पाचव्या माळेला ठकी घटातले कोंब कुरतडताना सापडली. तेव्हापासून मी मूठभर गहू रात्री भिजवून पसरट कुंडीत पेरते. फक्त गहू, ज्वारी नाही. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं, म्हणून तर शेतकरी तिच्यात गुरं सोडत नाहीत. आठवड्यात बोटभर हिरवं उभं राहतं. सकाळी सहाला मी डबा भरत असते, तेव्हा ठकी मान तिरकी करून दाढेखाली एकेक पातं ओढत असते.