बॅटरी टिकावी म्हणून डिस्क बदलताना



गेल्या महिन्यात मगरिबनंतर माझी एक जुनी विद्यार्थिनी अब्बूंना घेऊन घरी आली. आता ती बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामूंनी दिलेला जुना लॅपटॉप सोबत होता. म्हणाली, "टीचर, रोज संध्याकाळी लाइट जाते आणि हा दोन तासांत बंद पडतो. प्रोजेक्ट कसं पूर्ण करू?"

दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, "हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, बॅटरी दुप्पट चालेल. नाहीतर नवाच घ्या, हप्ते करून देतो." व्याजाचे हप्ते अब्बूंना नको होते. शिलाईतून बाजूला काढलेले पैसे एकदाच आणि योग्य ठिकाणी लागावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. हा प्रश्न अनेक घरांत असेल, म्हणून आमचा त्या दिवशीचा हिशोब इथे मांडते.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक चकती असते. लॅपटॉपमध्ये ती बहुधा मिनिटाला ५,४०० वेळा फिरते. आपण काही वाचत-लिहीत नसलो तरी ती फिरती ठेवायला मोटर वीज खातेच. एसएसडीत फिरणारं काही नसतं. मोबाइलच्या मेमरीसारखीच ती असते. काम झटकन उरकते आणि लगेच झोपी जाते. त्यामुळे डिस्क बदलल्यावर सरासरी एक वॅटच्या आसपास वीज वाचते असं धरू.

पण लॅपटॉपची बरीचशी वीज स्क्रीन आणि प्रोसेसर खातात. डिस्कचा वाटा लहान. शिवाय बॅटरीही म्हातारी होते. विंडोजमध्ये 'बॅटरी रिपोर्ट' काढता येतो. संगणक जाणणारं कुणीही दोन मिनिटांत काढून देईल. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असतानाची ताकद आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची ताकद दिसते. या लॅपटॉपची बॅटरी ४० वॅट-तासांवरून २२ वर आली होती.

मग मुलीलाच वहीत गणित करायला सांगितलं. लॅपटॉप साधारण १० वॅट घेतो असं धरलं. २२ भागिले १०, म्हणजे २ तास १२ मिनिटं. एसएसडी टाकून ९ वॅट झाले, तर २ तास २७ मिनिटं. फायदा फक्त पंधरा मिनिटांचा! पण एसएसडीसोबत नवी बॅटरीही टाकली, तर ४० भागिले ९, म्हणजे जवळपास साडेचार तास. अब्बूंनी वही स्वतःकडे ओढून पुन्हा एकदा पाहिली.

मग एसएसडी घ्यायचीच नाही का? जरूर घ्यावी. लॅपटॉप लवकर सुरू होतो, फाइल पटकन उघडते. बॅटरीवरचा वेळ वाट पाहण्यात जात नाही. बसमधल्या धक्क्यांचीही भीती कमी. घेताना मात्र एवढं पाहा:

१. जागा कोणती आहे? जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा डिस्क बसते, नव्यांत एम-टू नावाची पट्टी. एम-टूमध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. आपल्या मॉडेलला कोणती चालते ते आधी विचारा.

२. वेगाच्या आकड्यांना भुलू नका. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, महागडी एनव्हीएमई ७,००० किंवा त्याहूनही जास्त. पण अशा वेगवान डिस्क जोरात चालताना जास्त वीज घेतात आणि तापतात. अभ्यासाच्या कामात हा फरक जाणवत नाही. भरवशाच्या कंपनीची साधी डिस्क पुरते.

३. क्षमता किती? अभ्यासाला २५६ जीबी चालते, ५१२ ऐसपैस होते. मात्र काठोकाठ भरू नका. लग्नाचे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि ती गरजेपुरतीच जोडा, कारण ती लॅपटॉपच्याच बॅटरीवर चालते.

४. रॅम ४ जीबीच असेल आणि वाढवता येत असेल, तर ८ करा. रॅम कमी पडली की सगळा भार डिस्कवर येतो.

आणि डिस्क बदलण्याआधी फाइलींची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा, हे विसरू नका.

त्यांनी २५६ जीबीची साटा एसएसडी आणि नवी बॅटरी घेतली. जुनी हार्ड डिस्क केसमध्ये घालून बॅकअपला ठेवली. परवा मुलीचा निरोप आला: लाइट गेली तरी लॅपटॉप चार तासांवर चालतो, प्रोजेक्ट जमा झालं, अल्हम्दुलिल्लाह.

दुकानात पाऊल टाकण्याआधी तुम्हीही घरातल्या लॅपटॉपचा बॅटरी रिपोर्ट एकदा पाहा. पैसे कुठे लावायचे ते त्यावरून कळेल.