पहिला घाव कोणाचा?

समतेसाठी लढणाऱ्यांना शांततेचा उपदेश करण्याआधी, त्यांच्यावर रोज चालणाऱ्या सक्तीचा हिशेब समाजाने आणि सरकारने द्यायला हवा.

ऑक्टोबर १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगाव स्थानकावर उतरले, ते सरकारी कामासाठी. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली होती. तिचे सदस्य म्हणून खानदेशचे दोन जिल्हे त्यांच्या वाट्याला आले होते. धुळ्याच्या रेल्वेमार्गावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता. त्याची माहिती घेऊन ते चाळीसगावला परतले आणि तिथल्या लोकांच्या आग्रहाखातर रात्रीचा मुक्काम करायचे ठरले. स्थानकाबाहेर टांगे उभे होते. पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे हा कमीपणा मानून एकही टांगेवाला तयार होईना. अखेर तडजोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकायचा मात्र तुम्हीच. सराव नसलेल्या हातात लगाम गेला, नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि पाय मोडल्याने बरेच दिवस अंथरुणाला खिळले.

या साऱ्या प्रकारात कोणीही कोणावर हात उगारला नव्हता. कोतवालीत नोंदवावा असा गुन्हा नव्हता. गाडी आमची, गिऱ्हाईक आम्ही निवडू, एवढेच त्या टांगेवाल्यांचे म्हणणे असते. तरीही कायदे कौन्सिलच्या एका सभासदाचा, एका बॅरिस्टरचा पाय मोडला. समतेच्या लढ्यात बळाचा वापर नैतिक की अनैतिक, हा वाद जगभर चालतो आणि बहुतेक वेळा त्याची सुरुवात दलितांच्या, कृष्णवर्णीयांच्या, आदिवासींच्या हातातल्या दगडापासून होते. चाळीसगावची ही घटना त्या वादाला अलीकडून नव्हे, पलीकडून हात घालायला लावते. दगड उचलला जाण्याआधी बळ कोण वापरत होते, हा पहिला प्रश्न.

स्टार्ट समितीने १९३० च्या आपल्या अहवालात या प्रश्नाला उत्तर दिले आहे. सामाजिक बहिष्कार हे अस्पृश्यांविरुद्धचे सर्वांत जालीम हत्यार आहे, उघड हिंसाही त्यापुढे फिकी पडते, आणि करार करण्याच्या स्वातंत्र्यात ते बसत असल्याने ते कायदेशीर ठरून अधिकच घातक होते, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. दुकानदाराने मीठ नाकारायचे, पाटलाने शेतावरचे काम बंद करायचे, गावाने वाट अडवायची. रक्त सांडत नाही, पण चूल विझते. ही सक्ती हिंसेत मोजली जात नाही, म्हणून तिला प्रतिकार करणाराच पहिला हिंसक ठरतो. व्यवस्थेला सोयीची असलेली ही नजरबंदी आधी मोडली पाहिजे.

बहिष्कार हे साधन एकच, पण ते कोणाच्या हातात आहे यावर त्याची नीती ठरते. अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला. त्यानंतर तिथल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस शहर बसवर बहिष्कार टाकला. खानदेशातल्या गावात बहुसंख्यांनी बहिष्कार घातला तो मूठभरांना वाकवण्यासाठी. मॉन्टगोमेरीत अल्पसंख्यांनी तो केला तो बरोबरीने बसता यावे म्हणून. दोन्हींत सक्ती होती, दोन्हींत कोणाचे तरी आर्थिक नुकसान होते. पण एकीने माणसाचा हक्क हिरावला, दुसरीने तो मागितला. सक्तीमुळे त्रास होतो एवढ्यावरून तिला वाईट म्हणता येत नाही. अहिंसक साधनातही जबरदस्ती असू शकते. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवडा तुरुंगात गांधीजींनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध प्राणांतिक उपोषण आरंभले, तेव्हा बाबासाहेबांवर आलेला दबाव कुठल्या लाठीपेक्षा कमी होता?

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा विचार भाबडेपणाने केला नाही. जॉन ड्यूई या आपल्या गुरूचा आधार घेत त्यांनी ऊर्जा म्हणून वापरलेले बळ आणि हिंसा म्हणून वापरलेले बळ यांत भेद केला. बळाशिवाय कोणतेही काम होत नाही. ते नासधूस करत सुटले की हिंसा होते. हा भेद त्यांनी आचरणातही आणला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतलेल्या लोकांवर, ते मंदिरात घुसणार असल्याची अफवा पसरवून जमावाने हल्ला केला. जमलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले सैनिक होते. नेत्याने खूण केली असती, तर महाडमध्ये काय घडले असते हे सांगायला नको. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि दाद न्यायालयात मागितली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सत्याग्रहासाठी हजारो लोक जमले असताना न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तेव्हाही त्यांनी लोकांना थांबवले. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयाने मान्य केला तो १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षे! जानेवारी १९५६ मध्ये मॉन्टगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हा जमलेल्या संतप्त लोकांतले काही जण शस्त्रे घेऊन आले होते. किंग यांनीही त्यांना शांतपणे घरी पाठवले. संयमाला किंमत येते ती मारण्याची ताकद असताना हात आवरला म्हणून. ज्याच्यापाशी दुसरा पर्यायच नाही, त्याच्या मुकाट्याने सोसण्याला संयम म्हणणे ही त्याची थट्टा आहे.

मग दक्षिण आफ्रिकेचे काय? शार्पव्हिलमध्ये २१ मार्च १९६० रोजी पोलिसांनी ६९ माणसे मारली. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली. मतदानाचा हक्क कृष्णवर्णीयांना नव्हताच. डिसेंबर १९६१ मध्ये नेल्सन मंडेला आणि सहकाऱ्यांनी सशस्त्र लढा सुरू केला, तोही आधी मनुष्यहानी टाळून घातपात करण्याच्या मर्यादेत. त्या निर्णयाला आज जग सहसा दोष देत नाही, कारण सनदशीर वाट तिथे खरोखर बंद होती. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी नेमकी हीच कसोटी लावली. घटनात्मक मार्ग नव्हता तेव्हा घटनाबाह्य मार्गांचे समर्थन करता येत होते. तो खुला झाल्यावर ते करता येणार नाही. या भाषणाचा उत्तरार्ध आपल्याकडे मोर्चेकऱ्यांना आवर्जून ऐकवला जातो. पूर्वार्ध ऐकवला जात नाही. आंदोलकाने शस्त्र खाली ठेवायचे, तर राज्याने वाट उघडी ठेवायची, असा तो दुहेरी करार आहे.

एकट्या आंदोलकाकडून हा करार पाळला जाण्याची अपेक्षा खानदेशाने तरी धरू नये. भिल्ल नेता खाज्या नाईकाने १८५७ च्या सुमारास सातपुड्यात शस्त्र उचलले, ते दाद मागायला दुसरे दार नव्हते म्हणून. १९७२ नंतर शहादे परिसरात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्याबरोबर आदिवासींनी जमिनी परत मागितल्या, मजुरीसाठी संप केले, तेव्हा दार किलकिले झाले होते. बायकांनी दारूची मडकी फोडली. माणसांची डोकी हे त्यांचे लक्ष्य नव्हते. बळ आणि हिंसा यांतली सीमारेषा त्या बायकांना उमगली होती.

आमचे मत स्पष्ट आहे. अंगावर आलेल्याला रोखण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे आणि तो दलिताला, आदिवासीलाही तितकाच आहे. संप, बहिष्कार, घेराव, सत्याग्रह यांतली सक्ती समतेसाठी न्याय्य आहे. सूड म्हणून शेजाऱ्याचे घर जाळणे न्याय्य नाही. शहाणपणाचेही नाही, कारण त्याची परतफेड शेवटी अल्पसंख्य वस्तीलाच करावी लागते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याच्या १९७८ च्या नामांतर निर्णयानंतर मराठवाड्यात वस्त्या कोणाच्या जळाल्या, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

पण हे मत मांडण्याचा अधिकार टिकवायचा, तर वाट उघडी आहे हे दाखवून द्यावे लागेल. २०१५ च्या दुरुस्तीने अॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. तो २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. स्टार्ट समितीला जे हत्यार कायद्याच्या कक्षेबाहेर दिसले, ते आता कक्षेत आले आहे. कायदा म्हणजेही बळच, समाजाने एकत्र येऊन राज्याच्या हाती सोपवलेले. ते म्यानात गंजू देणारा अधिकारी पीडिताला सांगत असतो की, तुझे तू बघ. म्हणून जिल्हा प्रशासनाने या दोन्ही कायद्यांखाली किती तक्रारी आल्या, किती नोंदल्या गेल्या आणि किती खटल्यांत शिक्षा झाली, हे दरवर्षी तालुकानिहाय जाहीर करावे. पाण्यावरून, दुकानावरून, स्मशानावरून गावाने कोणाची कोंडी केली, तर ‘समजुतीने मिटवा’ असे सांगून फिर्यादीला परत पाठवणाऱ्या ठाणेदाराला त्याचा जाब विचारला जावा. अॅट्रॉसिटी कायद्यात कर्तव्यात कुचराई करणाऱ्या लोकसेवकालाही शिक्षा आहे. ते कलम वापरून दाखवावे. एवढे होईपर्यंत आंदोलकांना अहिंसेचे धडे देण्याचे काम सरकारने थोडे बाजूला ठेवलेले बरे.