आमच्या घरी कोणती बॅटरी घ्यावी?

या आठवड्यात शेताला रात्रीची लाईट आहे. बाबा रात्री बारा वाजता मोटार चालू करायला जातात. जुनी बॅटरी फार मिणमिणते, म्हणून नवी घ्यायची आहे.

दादा म्हणतो, खोक्यावर जास्त मीटर लिहिलेली घ्या. मला ते पटत नाही. गुरुजींनी सांगितले की, अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. खोक्यावरच्या मीटरवर उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच उरतो. तेवढ्यात उसातला बिबट्या ओळखू येईल का?

मामाच्या बॅटरीत दिवा बारीक आहे, पण चकाकती वाटी मोठी आणि खोल आहे. म्हणून झोत लांब जातो. मामा म्हणाला, "बांधापलीकडं दोन डोळे चमकले, तवाच मी मागं फिरलो." बॅटरी अशीच पाहिजे. पण तिचा झोत लांब धरला की पायाशी अंधार राहतो. गेल्या पावसाळ्यात बाबांच्या पायापासून वीतभर अंतरावर घोणस होती! बॅटरी खाली धरली होती म्हणून दिसली.

म्हणून माझे मत असे आहे की, पुढची काच सरकवून उजेड पसरवता येतो ती बॅटरी घ्यावी. आणि घेताना अंधार पडल्यावर पेटवून बघावी. दुकानात दिवसा सगळ्याच छान दिसतात. चार्जिंगला मी रोज आठवणीने लावीन.

आई म्हणते, कांद्याचे पैसे आले की बघू. पण कांद्याला पाणी तर आज रात्रीच द्यायचे आहे.

– इयत्ता चौथी