अनुदान कंपनीला, बिघाड ग्राहकाला

विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या उद्योगाचे प्रमुख केंद्र म्हणून बेंगळुरूचा गौरव केला जातो. याच शहरात मुख्यालय असलेल्या ओला इलेक्ट्रिक कंपनीविरुद्ध सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या एका वर्षात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनकडे १०,६४४ तक्रारी आल्या. त्यांपैकी ३,३८९ तक्रारी दुरुस्तीला होणाऱ्या विलंबाच्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'कारणे दाखवा' नोटीस बजावली, तेव्हा ९९.१ टक्के तक्रारींचे निवारण झाले असल्याचे उत्तर कंपनीने दिले. निवारण झाले की नाही हे ठरवायचे कोणी? कंपनीच्या दप्तरात तक्रार बंद होणे आणि रस्त्यावर गाडी चालू होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. प्राधिकरणानेही या उत्तरावर विसंबून न राहता भारतीय मानक ब्युरोमार्फत चौकशी आरंभली. पुढे अधिक कागदपत्रे मागितली गेली, तेव्हा कंपनीने कर्नाटक उच्च न्यायालयात धाव घेतली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तिची याचिका फेटाळली.

हा प्रश्न हौशी स्कूटरस्वारांच्या गैरसोयीपुरता नाही. बेंगळुरू, पुणे, मुंबई येथे घरोघर जिन्नस पोचविणाऱ्या हजारो तरुणांचे दुचाकी हेच उत्पादनाचे साधन आहे आणि ते त्यांना स्वतःच्या खर्चाने, बहुधा कर्ज काढून, विकत घ्यावे लागते. ज्याच्यासाठी ते राबतात तो मालक त्यांना कामगार मानायलाही तयार नसतो. अशी गाडी महिनाभर दुरुस्तीगृहात पडून राहिली तर मजुरी बुडते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

कायदा काय म्हणतो? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. परंतु या कलमातला दोष म्हणजे पर्यावरणाला, चालकाला किंवा रस्त्यावरील इतरांना अपाय करू शकणारा दोष! पेट घेणारी स्कूटर त्यात बसते. मार्च २०२२ मध्ये पुण्यात याच कंपनीची एक स्कूटर भर रस्त्यात पेटली, देशभर चर्चा झाली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी स्वतःहून परत बोलावल्या. जी स्कूटर जागची हलतच नाही, ती मात्र या कलमाच्या दृष्टीने निरुपद्रवी. तिच्या मालकाची चूल विझली तर तो त्याचा खासगी प्रश्न! २०१९ च्याच ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या उत्तरदायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे खरे. परंतु तेथे प्रत्येकाने आपापली फिर्याद घेऊन जायचे. तारखेगणिक एक दिवसाची मजुरी गमावून बलाढ्य कंपनीच्या वकिलांसमोर उभे राहण्याची ऐपत किती जणांची?

सरकार हतबल आहे असेही नाही. जून २०२१ मध्ये केंद्राने 'फेम' योजनेखालील अनुदान वाढवून बॅटरीच्या किलोवॉट-तासामागे १५,००० रुपये केले. त्यासाठी असलेल्या किमतीच्या मर्यादेत बसावे म्हणून काही कंपन्यांनी चार्जरचे पैसे वेगळे आकारल्याचे उघड झाले, तेव्हा २०२३ मध्ये सरकारच्या दडपणाखाली एकट्या ओलाला ग्राहकांचे सुमारे १३० कोटी रुपये परत करण्याचे मान्य करावे लागले. स्वतःच्या अनुदानाचा प्रश्न आला तेव्हा सरकारला हिशेब जमला. बंद पडलेल्या गाड्यांचा हिशेब तेवढा जमत नाही. कंपनी तोट्यात आहे, हा युक्तिवाद पुढे केला जातो. त्याच कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये भांडवली बाजारातून हजारो कोटी रुपये उभे केले, आणि तोटा भागधारकांनी सोसायचा असतो, ग्राहकाने नव्हे.

सप्टेंबर २०२४ मध्ये कलबुर्गी येथे एका संतप्त ग्राहकाने कंपनीचे विक्रीकेंद्रच पेटवले. संताप समजण्याजोगा आहे, मार्ग चुकीचा. तेथे उभा असलेला मेकॅनिक हाही पगारी कामगारच. सुटे भाग आलेच नाहीत तर त्याने काय जोडावे? ही कंपनी मधला विक्रेता न ठेवता थेट ग्राहकाला गाडी विकते. म्हणजे दोष ढकलायला दुसरा कोणी नाही; जबाबदारी सर्वस्वी तिचीच. अमेरिकेतही उत्पादकांनी स्वखुशीने काही दिले नव्हते. १९६५ मध्ये राल्फ नाडर यांनी मोटारींतील धोके उघड केले, तेव्हा जनरल मोटर्सने त्यांच्यामागे गुप्तहेर लावले. ते उघडकीस आल्यावर १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेट समितीपुढे माफी मागावी लागली आणि त्याच वर्षी वाहन सुरक्षेचा कायदा झाला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्याच्या परिवहन खात्याने ग्राहकांच्या असंतोषामुळे या कंपनीच्या वाहनांची नोंदणी थांबवली. राज्य सरकारांच्या हाती शस्त्र आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले. कर्नाटक आणि महाराष्ट्र सरकारांनी ते वापरावे: ज्या तालुक्यात दुरुस्तीची सोय व सुटे भाग नाहीत तेथे विक्रीस परवानगी नको, ठरावीक मुदतीपलीकडे गाडी अडकली तर बुडालेल्या मजुरीची भरपाई कंपनीने द्यावी आणि तक्रार बंद झाल्याची नोंद ग्राहकाच्या सहीशिवाय ग्राह्य धरू नये. डिलिव्हरी कामगारांत काम करणाऱ्या आपल्या युनियनांनी प्रत्येक शहरात गाडी केव्हा दिली, केव्हा परत मिळाली आणि किती दिवस बुडाले याची नोंदवही आजपासून ठेवावी व ती घेऊन परिवहन आयुक्तांच्या कचेरीवर जावे.