एक हात खिशात

गेल्या रविवारी संध्याकाळी आमच्या बदलापूरच्या घरात सगळे दिवे बंद होते. नाही, लाइट गेले नव्हते. (ते आमच्याकडे कधीही जातात, पण त्या दिवशी चक्क होते!) आम्हीच घालवले होते. सोफ्यावर ताई आणि बाबा, खाली फरशीवर मी आणि नववीत जाणारा माझा भाचा. मध्ये एक पाट. पाटावर पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, त्यावर केसाएवढी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली, आणि शेजारी एक चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी. भाच्याच्या हातात माळ्यावरून काढलेली सीएफएल. गेलेली, म्हणजे अगदी कायमची गेलेली.

त्याने ती पाइपजवळ नेली... आणि ती पेटली! वायर नाही, होल्डर नाही, बटण नाही. नुसती हातात धरलेली सीएफएल पांढरट उजेड देत होती.

ताई म्हणाली, "अरे, ही मेली होती ना?"

बॉस, त्या एका वाक्यासाठी तीन आठवडे घालवलेत आम्ही!

आता फ्लॅशबॅक. मे महिन्याची सुट्टी लागली आणि ताईनं भाच्याला अंबरनाथहून आमच्याकडे पाठवून दिलं. आल्या आल्या त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कुणीतरी परदेशातला पोरगा गॅरेजमध्ये हातहातभर लांब विजा पाडतोय. "मामा, आपण करू या?" आता सांगा, मामा म्हणून आपली घरात एक इमेज असते की नाही? सोल्डरिंग आयर्न शेवटचं हातात धरलं ते इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, त्यानंतर फक्त कीबोर्ड. पण म्हटलं, "करू की! त्यात काय एवढं!"

माल घरातच होता. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी आमच्या तळमजल्यातल्या घरात शिरली आणि एकवीस इंची कलर टीव्हीला जलसमाधी मिळाली. (नंतर आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो ते उगाच नाही.) टीव्ही भंगारात गेला, पण बाबांनी त्याचं आतलं बोर्ड काढून ठेवलं होतं. का? तर "कधीतरी लागेल." मराठी माणसाच्या माळ्यावर अर्ध्या वस्तू या दोन शब्दांवर जगतात. त्या बोर्डावर मुठीएवढा काळा ठोकळा होता आणि त्यातून निघालेली जाड लाल वायर. टीव्ही मेकॅनिकच्या भाषेत ईएचटी. पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट पुरवायचे ते याने. मी मनात म्हटलं, झालं काम! ठोकळा खिशात घातला आणि मामा-भाचे निघाले उल्हासनगरला.

उल्हासनगर म्हटलं की आपण 'मेड इन यूएसए'चा जोक मारतो. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा हा हा. पण जरा विचार करा. दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी, फाळणीनंतर तिथल्या बराकींत येऊन पडलेली निर्वासित सिंधी कुटुंबं, आणि १९४९ मध्ये मिळालेलं हे नाव. आजही पत्ता सांगताना लोक 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच' म्हणतात. हातात काही नसताना जे मिळेल ते उघडायचं, शिकायचं, जोडायचं आणि विकायचं, यावर उभं राहिलेलं गाव आहे हे. आपण जोक मारतो, पण आपला बंद पडलेला मिक्सर घेऊन जातो तिथेच.

गल्लीच्या टोकाला एका काकांचं दुकान. दुकान म्हणजे काउंटर, त्यावर दिवा आणि मागे छतापर्यंत बोर्डच बोर्ड. अॅम्प्लिफायर, डीव्हीडी प्लेअर, सेट टॉप बॉक्स, सगळ्यांची पोटं फाडून ठेवलेली. मी ऐटीत ईएचटी काउंटरवर ठेवला. "काका, याच्यातून मोठा स्पार्क काढायचाय."

काकांनी आधी ठोकळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग भाच्याकडे. "बच्चे के साथ?"

"हो."

"नहीं."

एवढंच. मग त्यांनी चष्मा काढला आणि उजवा हात पुढे केला. तर्जनीच्या टोकाला पांढरा, वाटाण्याएवढा डाग. टीव्ही बंद होता, प्लग काढलेला होता, तरी पिक्चर ट्यूबनं चार्ज धरून ठेवला होता. ती काचेची ट्यूब म्हणजे एक मोठा कपॅसिटरच. काका मागच्या रॅकवर जाऊन आदळले होते. "उस दिन दूसरा हाथ चेसिस पे था," ते म्हणाले. "तब से एक ही उसूल. एक हाथ काम पे, एक हाथ जेब में."

भाच्यानं विचारलं, "का?"

काका आता मराठीत आले. "दोन्ही हात लावलेस तर करंट या हातातून शिरतो, त्या हातातून निघतो. मध्ये काय असतं बेटा?"

भाच्यानं छातीवर हात ठेवला.

"बस. म्हणून एक हात खिशात."

मग त्यांनी बोर्डांच्या ढिगातून एक जुनं अॅम्प्लिफायरचं बोर्ड काढलं. त्यावरचा बीडी १३९ ट्रान्झिस्टर दाखवला, लाल-लाल-नारिंगी पट्ट्यांचा बावीस किलोओहमचा रेझिस्टर शोधून दिला, एका सेट टॉप बॉक्सचा एलईडी उपटला. "नऊ व्होल्टवर चालवा. दिवा पेटेल, माणूस विझणार नाही." आणि ईएचटी माझ्या हातात परत देत म्हणाले, "ये शोकेस में रखो."

खरं सांगू? मला राग आला. च्यायला, मी इंजिनीअर! पण भाच्यासमोर काय बोलणार?

परतीच्या वाटेवर अंबरनाथला उतरलो, तारेसाठी. पंप आणि पंख्यांच्या मोटर रिवाइंड करणारा एक जण ताईच्या घराजवळ आहे. छत्तीस गेजची इनॅमल तार हवी होती. आमचा हिशोब होता पंचेचाळीस मीटरचा, म्हणजे जेमतेम बारा ग्रॅम. तो म्हणाला, "सोनं घ्यायला आलात का? शंभर ग्रॅमच्या खाली देत नाही." घेतली शंभर ग्रॅम. आता आमच्याकडे अजून सात कॉइल होतील एवढी तार आहे. बाबा खूश. ती माळ्यावर गेली. कधीतरी लागेल!

मग सुरू झालं गुंडाळणं. पाइपवर दहा सेंटीमीटरमध्ये साधारण साडेचारशे वेढे, एकमेकांना चिकटून, एकावर एक न चढता. भाचा पाइप फिरवणार, मी तार धरणार. तीनशे सत्तराव्या वेढ्याला फोन वाजला, हात सुटला, तार स्प्रिंगसारखी उसळली आणि सगळं पहिल्यापासून. भाचा जे काही पुटपुटला ते मी ऐकलं नाही असं ताईला सांगितलंय.

फंडा तसा सोपा आहे. या साडेचारशे वेढ्यांच्या तळाशी जाड वायरचे फक्त चार वेढे. ट्रान्झिस्टर त्या चार वेढ्यांतला करंट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतो, आणि त्या धक्क्यांवर वरची लांब कॉइल झुलायला लागते. झोक्याला नेमक्या वेळी हलका धक्का दिला की तो कसा उंच जातो, तसं. व्होल्टेज चढतं, आजूबाजूच्या हवेत विजेचं क्षेत्र तयार होतं आणि सीएफएलमधला वायू त्यात पेटतो. सीएफएलचं सर्किट जळलेलं असतं, पण नळी शाबूत असते. निकोला टेस्लानं २० मे १८९१ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजमधल्या व्याख्यानात हेच करून दाखवलं होतं, हातात वायरशिवाय पेटलेल्या नळ्या धरून. त्याच्या मागे मोठी यंत्रसामग्री होती, आमच्या मागे किराणा दुकानातली बॅटरी.

पहिल्या रविवारी काहीच झालं नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. मग बाबा सोफ्यावरूनच म्हणाले, "तारेचं टोक खरवडलंत का?" इनॅमल! तारेवर लाखेसारखा थर असतो, तो खरवडल्याशिवाय जोडणी होतच नाही. दोन आठवडे आम्ही वार्निशला सोल्डर करत होतो! टोक खरवडलं, तरीही काही नाही. शेवटी तिसऱ्या रविवारी भाच्यानं खालच्या चार वेढ्यांची दोन टोकं अदलाबदल केली, आणि एलईडी मंद झाला, ट्रान्झिस्टर गरम झाला. बाकीचं तुम्हाला माहीतच आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्या रात्री सगळे झोपले आणि मला झोप येईना. डोक्यात एकच किडा. हे तर नऊ व्होल्टचं झालं, त्या ईएचटीचं काय? शोकेसमध्ये ठेवलाय, इन्व्हर्टरची बॅटरी बाल्कनीत आहे, बाकीचं बोर्डावर मिळेल. काका जुन्या पिढीचे, घाबरणारच! फक्त एकदा बघू. साडेबारा वाजता मी ओट्यावर सगळं मांडून बसलो होतो. डाव्या हातात ईएचटी, उजव्या हातात वायर, आणि पायाखाली मघाशीच पुसलेली ओली फरशी.

"मामा, दुसरा हात?"

दारात भाचा उभा होता. पाणी प्यायला उठला होता. त्याचा आवाज अगदी साधा होता, कॅरम खेळताना 'तुझी टर्न' म्हणावं तसा. मी हातांकडे पाहिलं. दोन्ही बिझी. खिसा रिकामा.

काय बोलणार? म्हटलं, "नुसतं बघत होतो रे." तो म्हणाला, "हं." चौदा वर्षांच्या मुलाचं 'हं' किती लागतं ते मामाच जाणे.

नंतर नीट विचार केला. नुसते व्होल्ट मारत नाहीत. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटका बसतो, तोही हजारो व्होल्टचाच. टाकी कितीही उंच असू दे, नळातून थेंबच येत असेल तर कोण बुडणार? मारतं ते मागून येणारं पाणी, म्हणजे करंट. मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर फक्त दोनेक हजार व्होल्ट देतो, पण त्याच्या नळाला भरपूर पाणी असतं. अमेरिकेत तो वापरून लाकडावर विजेची नक्षी काढताना अनेकांचे जीव गेले. व्हिडिओ बघूनच शिकले होते तेही. व्हिडिओत वीज दिसते. बाजूला बसलेले काका दिसत नाहीत.

सकाळी ईएचटी परत शोकेसमध्ये ठेवताना बाबांनी पाहिलं. म्हणाले, "तुला आठवतं? तू लहानपणी म्हणायचास, आपला टीव्ही शिट्टी वाजवतो. मला कधीच ऐकू आली नाही. वाटायचं, पोरगं थापा मारतंय." मी म्हटलं, "बाबा, खरंच यायची. सेकंदाला १५,६२५ कंपनं, याच ठोकळ्याची. लहान मुलांना ऐकू येतात, वय वाढलं की कान सोडून देतात." बाबा बराच वेळ ठोकळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तू खरं बोलत होतास." वीस-पंचवीस वर्षांनी क्लीन चिट!

आणि आता लहान असलेल्यांना जे ऐकू येतं, ते मला येईनासं झालंय. त्याचं काय?

सोमवारी नेहमीसारखा बदलापूर स्टेशनवर उभा होतो. डोक्यावर २५,००० व्होल्टची तार. रोज तिच्याखालून ऑफिसला जातो, कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. तिच्या नळाला केवढं पाणी असेल! लोकल आली. एका हाताने दांडा पकडला.

दुसरा हात कुठे होता, ते तुम्हाला सांगायला नको.