लाखेच्या तबकड्या
मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ साली बंद झालं, तरी फोर्टमध्ये गेले की पाय अजून तिकडेच वळतात. बंदिस्त कप्प्यात उभं राहून रेकॉर्ड ऐकायची आणि मगच पैसे मोजायचे, ही चैन तिथली. आता चोरबाजारात लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या चाळत बसते. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तेवढ्यात अख्खा राग उभा करायचा, आणि जुन्या काळी काही गायिका तर शेवटी आपलं नावही सांगायच्या! जुन्या पुस्तकांचंही तसंच. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर एखादं हाती आलं की आधी पहिलं पान उघडते. कुणीतरी कुणालातरी वाढदिवसाला दिलेलं, शाई पुसट झालेली. असं पुस्तक मला परत ढिगात ठेववत नाही.