डोकेदुखी सोसणं म्हणजे तप नव्हे



भाद्रपद जवळ आला की आपल्या घरांत दोन याद्या सुरू होतात. एक उपवासांची. कोण एकासन करणार, कोण अठ्ठाई, कोण दहाही दिवस. दुसरी यादी कोणी मोठ्याने वाचत नाही. ती असते पर्समधल्या, देव्हाऱ्याखालच्या खणातल्या, उशीखालच्या डोकेदुखीच्या गोळ्यांची. या दुसऱ्या यादीबद्दल आज लिहिते आहे.

आम्ही सदाशिव पेठेत राहतो. आपलं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतं आणि चतुर्दशीला संपतं. गणपती चतुर्थीला बसतात आणि अनंत चतुर्दशीला जातात. म्हणजे घरात दहा दिवसांचं पर्व आणि खिडकीखाली दहा दिवसांचा ढोल-ताशा, दोन्ही एकदमच. श्वेतांबर मैत्रिणींचं पर्युषण तर आदल्या आठवड्यापासूनच चालू असतं. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता, केळकर रस्ता अशा चारी बाजूंनी मिरवणुका, त्याही दुसऱ्या दिवसापर्यंत. ज्या बाईला अर्धशिशी आहे तिच्यासाठी उपास, बंद झालेला चहा, अपुरी झोप, आवाज आणि रोषणाई हे सगळं एकाच आठवड्यात येतं. गणपतीवर माझा राग नाही, आरतीला मीही जाते. पण या दिवसांत डोकं धरून स्वयंपाकघरात उभ्या राहणाऱ्या बाईला ‘किती सहनशील’ म्हणून जे कौतुक मिळतं, त्यावर माझा आक्षेप आहे.

तप म्हणजे समजून-उमजून, स्वतःच्या इच्छेने आणि शक्तीप्रमाणे केलेला त्याग. आपल्या शास्त्रात ‘शक्तितः’ हा शब्द उगाच आलेला नाही. डोकेदुखी आपण निवडलेली नसते. ती सोसताना मनात चिडचिड, सुनेवर ओरडणं आणि ‘मलाच का’ हा प्रश्न असेल, तर त्यात निर्जरा कुठली? ज्या दुखण्यावर उपाय आहे ते दुखणं अंगावर काढणं हा धर्म नाही, सवय आहे.

आधी डोकेदुखी ओळखू या. ताणाची डोकेदुखी कपाळाला पट्टा आवळल्यासारखी, दोन्ही बाजूंनी, मंद. त्यात माणूस कामं उरकू शकतो. अर्धशिशी बहुतेक वेळा एका बाजूने ठणकते, मळमळते, उजेड-आवाज नको होतो, जिना चढला तरी वाढते. उपचार न केल्यास ती चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत टिकते. बायकांत तिचं प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट आहे. पाळी गेल्यावर अनेकींची कमी होते, सगळ्यांची नाही.

आता उपायांकडे. अमेरिकेत एडमंड जेकबसन नावाच्या डॉक्टरांनी १९२९ साली स्नायू सैल करण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. मूठ पाच-सात सेकंद आवळायची, मग अर्धा मिनिट सोडायची आणि दोन्हींतला फरक नीट अनुभवायचा. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, पाय. आपण दिवसभर जबडा आवळून भाजी चिरतो, खांदे कानाला लावून फोनवर बोलतो आणि ते आपल्याला कळतच नाही. आधी ताण ओळखायला शिकायचं, मग तो सोडायला. दुसरी पद्धत हात गरम करण्याची. स्वस्थ बसून ‘माझे हात जड होत आहेत, उबदार होत आहेत’ असं मनात म्हणायचं. शरीर सैलावलं की हातांकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि हात खरंच गरम होतात. बोटाला तापमापक लावून हे शिकवतात, त्याला बायोफीडबॅक म्हणतात. तिकडच्या डोकेदुखीच्या तज्ज्ञांनी २००० साली अर्धशिशी टाळण्याच्या उपायांचा आढावा घेतला, तेव्हा औषधांवाचूनच्या उपायांत शिथिलीकरण, बायोफीडबॅक आणि विचारांच्या सवयी बदलण्याचं प्रशिक्षण यांना भक्कम पुरावा असल्याचं म्हटलं.

आपल्याकडचंही पाहा. दिल्लीच्या एम्समध्ये अर्धशिशीच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला फक्त औषधं, दुसऱ्याला औषधं आणि योग. २०२० साली निकाल छापून आले. योगाच्या गटात तीन महिन्यांत महिन्याची डोकेदुखी सरासरी ९.१ वरून ४.७ वर आली, नुसत्या औषधांच्या गटात ७.७ वरून ६.८ वर. योगाच्या गटातल्या गोळ्याही जवळजवळ निम्म्या झाल्या. मी वाणिज्य शाखेची पदवीधर, आकडे बघितल्याशिवाय मला पटत नाही. म्हणून एक गोष्ट लक्षात आणून देते. त्या गटाने औषधं सोडली नव्हती. योग औषधांच्या जोडीला होता.

आणि या विद्येसाठी आपल्याला लांब जायला नको. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि योगाचा शरीरावरचा परिणाम प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांची संस्था १९७५ पासून आहे. लोड, पट्टे आणि कपाळाला बांधायची पट्टी वापरून विश्रांतीची आसनं करणं ही त्यांच्या पद्धतीची ओळखच. त्याच १९७५ च्या सुमारास आचार्य महाप्रज्ञांनी प्रेक्षाध्यानाची मांडणी केली. त्याची पहिली पायरी कायोत्सर्ग. आणि कायोत्सर्ग तर आपल्या सहा आवश्यकांतलाच. नऊ वेळा णमोकार, सत्तावीस श्वासोच्छ्वासांत. हे आपण लहानपणापासून करतो. पण प्रामाणिकपणे सांगा, ते सत्तावीस श्वास आपण घेतो का? की एका दमात नऊ णमोकार उरकून उठतो?

इथे काही मैत्रिणी विचारतील, मग सामायिकालाच डोकेदुखीचा उपाय मानावं का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. सामायिक समतेसाठी आहे, कायोत्सर्ग देहाची आसक्ती सोडण्यासाठी. ‘ठणका थांबला का, थांबला का’ असं पाहत अठ्ठेचाळीस मिनिटं बसलं, तर ते सामायिक होत नाही आणि विश्रांतीही होत नाही, कारण ती वाट पाहणंच ताण वाढवतं. देवद्रव्य आपण घरखर्चात मिसळत नाही. इथेही खाती वेगळी ठेवावीत. सामायिक त्याच्या वेळी. आणि दुपारी चार वाजता, चहाच्या आधी, वीस मिनिटं शरीर सैल करण्याचा सराव. त्याला सरावच म्हणावं, पुण्य म्हणू नये. शरीर सैल करायला शिकलं की सामायिकात बसणंही सोपं जातं, तो वरचा लाभ.

हा सराव रोज हवा, दुखत नसतानाही. पोहणं कोणी बुडताना शिकत नाही. सहा-आठ आठवडे तरी द्यावेत. आणि ऐन ठणक्यात मान-कपाळ आवळू नये. तेव्हा फक्त सोडायचं, अंधाऱ्या खोलीत, सावकाश श्वासाने.

सोबत एक वही ठेवावी. तारीख, किती वाजता दुखलं, किती तास, आदल्या रात्रीची झोप, शेवटचं जेवण कधी, आणि गोळी घेतली का. माझ्या वहीत सहा रकाने आहेत, महिनाअखेरीस बेरीज करते. या बेरजेत गोळ्यांचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, किंवा कॅफीन वगैरे मिसळलेली गोळी दहा किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळीच डोकेदुखी आणू लागते. मग बाई दुखतं म्हणून गोळी घेते आणि गोळीमुळे दुखतं. हे दुष्टचक्र डॉक्टरांच्या मदतीने सोडवावं लागतं.

आता उपवास. ज्यू लोक योम किप्पूरला अन्नपाण्यावाचून राहतात. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी १९९५ साली नोंदवलं की उपवास करणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांचं डोकं दुखलं, न करणाऱ्यांपैकी ७ टक्क्यांचं. ज्यांना एरवीही डोकेदुखी होती त्यांना जास्त त्रास झाला. म्हणजे यात श्रद्धा कमी पडण्याचा प्रश्न नाही, शरीराचा स्वभाव आहे. पुण्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि सातच्या सुमारास उजाडतं. चौविहार आणि नवकारशी दोन्ही पाळणाऱ्या बाईच्या पोटात जवळजवळ चौदा तास पाणीसुद्धा जात नाही. म्हणून दुपारी उकळलेलं पाणी आठवणीने प्यावं आणि संध्याकाळचं जेवण ‘भूक नाही’ म्हणून टाळू नये. चहाचं तर फारच महत्त्वाचं. रोजचा तीन कप चहा एकदम सोडला की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, आणि तो त्रास नऊ दिवसांपर्यंत राहू शकतो. म्हणजे अख्खं पर्वच गेलं. त्यापेक्षा श्रावणातच दर आठवड्याला अर्धा कप कमी करावा. आणि तरीही उपवास झेपत नसेल तर ऊनोदरी करा, रसपरित्याग करा, स्वाध्याय वाढवा. बारा तपांपैकी उपवास हे एकच आहे.

एक सावधगिरीही. माझ्या जावेला एका शिबिरात सांगितलं गेलं, ‘ध्यान करा, सगळ्या गोळ्या आजच बंद.’ घरी येऊन ती तीन दिवस उलट्या करत पडली होती. असं सांगणाऱ्यांपासून दूर राहा, ते कितीही गोड बोलत असोत. आणि पुढे सांगते त्यावर श्वासाचे प्रयोग करत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा: अचानक, क्षणात शिगेला पोहोचलेली डोकेदुखी, तापासोबत ताठ झालेली मान, बोबडी वळणं, हातपाय लुळे पडणं, दिसेनासं होणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. आपल्या वयाच्या बायकांसाठी आणखी एक. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, त्यात केस विंचरताना टाळू दुखणं किंवा चावताना जबडा दुखणं असेल, तर उशीर करू नका. त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो.

शेवटी घरच्यांकडून काय हवं, तेही बोलून घेऊ. दुपारची वीस मिनिटं दार बंद, ही चैन नाही. मधुमेहाच्या माणसाची चालण्याची वेळ आपण जपतो ना, तशीच ही. सासूबाईंना नम्रपणे सांगावं, ‘आई, वीस मिनिटांनी येते.’ आणि आपण स्वतः सासूबाई झालो असू, तर सुनेने दार लावल्यावर बाहेरून हाक मारू नये. अहिंसा मुंगीपासून सुरू होते हे आपल्याला पाठ आहे. त्या यादीत आपलं स्वतःचं डोकंही धरावं, एवढंच माझं म्हणणं.

श्रावण सुरू व्हायला अजून वेळ आहे. वही आजच आणा.

जय जिनेंद्र.